राजाचं नाव सगळ्यात शेवटी वाचा: इंग्लंडची हातोड्याने पाडलेली चांदीची नाणी ओळखायची कशी

माझ्या आजीच्या बटव्यात दोन शिवराया होत्या, तांब्याच्या, जाडजूड. एकीवर "छत्र" एवढंच दिसायचं आणि पुढचं "पती" नाण्याबाहेर गेलेलं. लहानपणी वाटायचं झिजलंय म्हणून दिसत नाही, पण ते झिजलेलं नव्हतंच, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा छोटा, त्यामुळे अक्षरं नाण्यावर उमटलीच नव्हती. पुढे नोकरीसाठी इंग्लंडात आलो आणि एका कॉइन फेअरमध्ये टेबलावर नखाएवढी पातळ चांदीची पेनी हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा तीच शिवराई आठवली. छाप एका बाजूला सरकलेली, अक्षरं अर्धवट, कडा वेडीवाकडी. हाताने पाडलेलं नाणं कुठल्याही देशातलं असो, वाचायची पद्धत साधारण एकच असते, म्हणून ज्यांनी शिवराई किंवा मोगली रुपया हाताळलाय त्यांना ही नाणी परकी वाटणार नाहीत.

हा लेख ज्यांना ११८० ते साधारण १५०० या काळातली इंग्लिश चांदी जमवायचीय त्यांच्यासाठी आहे. त्याआधीची नॉर्मन आणि सॅक्सन नाणी सुंदर आहेत पण महाग आहेत, आणि दुसऱ्या हेन्रीने ११५८ला काढलेली जी नाणी टिल्बी म्हणून ओळखली जातात (१८०७ला लिंकनशरमधल्या टिल्बी गावात पाच हजारांवर सापडली आणि त्यातली बहुतेक टाकसाळीत वितळवून टाकली, हे वाचून अजूनही जीव हळहळतो) ती इतकी वाईट पाडलीयत की नवख्या माणसाला अर्धी अक्षरंसुद्धा मिळत नाहीत. तिथून सुरुवात करू नका.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. नवीन माणूस नाणं हातात आलं की पहिल्यांदा राजाचं नाव शोधतो. तेच चुकतं. या नाण्यांवर राजाचं नाव सगळ्यात जास्त फसवतं. ११८०पासून १२४७पर्यंत जी पेनी निघाली तिच्यावर सगळीकडे "हेन्रिकस रेक्स" लिहिलंय, आणि त्या काळात दुसरा हेन्री, त्याचा मुलगा रिचर्ड, दुसरा मुलगा जॉन आणि नातू तिसरा हेन्री असे चार राजे होऊन गेले. म्हणजे रिचर्ड आणि जॉन या दोघांची इंग्लंडातली नाणी बापाच्या नावाने आहेत. कोणी तुम्हाला "रिचर्ड द लायनहार्टचं नाव असलेली इंग्लिश पेनी" विकायला आला तर तिथून उठा, कारण अशी पेनी नाहीच. जॉनचं नाव दिसेल ते आयर्लंडमध्ये पाडलेल्या नाण्यावर, तिथे तो त्रिकोणात बसलेला असतो. मग पुढे एडवर्ड नावाचे तीन राजे एकापाठोपाठ. म्हणून वजन, मग क्रॉस, मग गाव, मग अक्षरांची वळणं, आणि नाव शेवटी. या क्रमाने गेलात तर शंभरातली नव्वद नाणी घरी बसून ओळखता येतात.

आधी लागणारं सामान

दहापट भिंग एक, चांगलं. पंचवीस-तीसपटीवाली स्वस्त भिंगं घेऊ नका, त्यात नाण्याचा एवढुसा तुकडा दिसतो आणि डोकं दुखतं. डिजिटल काटा, ज्याला एक ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो तो, सोनारांकडे असतो तसला, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. प्लास्टिकचा व्हर्नियर (स्टीलचा नको, चांदीवर ओरखडा जातो). आणि एक टेबललॅम्प ज्याची मान वळते. हा लॅम्प सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मी म्हणेन, कारण वरून सरळ प्रकाश टाकला तर झिजलेली पेनी म्हणजे नुसता राखाडी गोळा दिसते, पण तोच दिवा खाली आणून टेबलाच्या पातळीला, नाण्याच्या अगदी कडेने प्रकाश टाकला आणि नाणं हळूहळू गोल फिरवलं की एकेक अक्षर सावली टाकत वर येतं. रात्री खोलीतला बाकीचा लाइट बंद करून हे करून बघा.

नाणं नेहमी कडेने धरायचं आणि खाली मऊ टॉवेल अंथरायचा. ही नाणी टाइल्सवर पडली तर तुटतात, खरंच तुटतात, आठशे वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते. आपल्याकडे खणखणीत नाणं वाजवून घ्यायची सवय आहे, इथे ती अजिबात लावू नका.

नाणं बनायचं कसं, हे थोडक्यात कळलं की पुढचं सोपं

खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात खुंटीसारखा ठोकून बसवलेला, त्यावर बहुधा राजाचा चेहरा. वरचा ठसा कामगाराच्या हातात, त्यावर क्रॉस. मध्ये चांदीची कोरी चकती आणि वरून हातोडा. वरच्या ठशावर घाव थेट बसायचा त्यामुळे तो लवकर खराब व्हायचा, खालचा जास्त टिकायचा, म्हणून एकाच चेहऱ्याच्या ठशाबरोबर दोन-तीन वेगवेगळे क्रॉसचे ठसे वापरलेले सापडतात. हात हलला की डबल छाप यायची, वरचा ठसा कलला की एक बाजू ठळक आणि दुसरी कोरी. हे दोष नाहीत, उलट असल्या गोष्टी पाहून नाण्याबद्दल विश्वास वाटायला लागतो.

दुसरी गोष्ट, ठशावरची अक्षरं कोणी अखंड कोरलेली नसायची. कारागिराकडे छोटे पंच असायचे, एक उभी दांडी, एक चंद्रकोर, एक पाचर, असे, आणि ते ठोकून ठोकून अक्षर जुळवायचे, मुकुट आणि केससुद्धा असेच. पंच तुटला तरी तोच वापरत राहायचे आणि त्या तुटलेल्या पंचाची खूण पुढच्या सगळ्या नाण्यांवर उमटायची. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

पायरी पहिली: वजन करा

पेनी म्हणजे त्या काळचं मुख्य नाणं. २४० पेनींचा एक पौंड, १२ पेनींचा शिलिंग, पण शिलिंग आणि पौंड हिशोबापुरते, नाणं म्हणून अस्तित्वात नाहीत. चांदीचा कस स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५. पहिल्या एडवर्डच्या काळात पूर्ण वजनाची पेनी १.४४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या साधारण १२ गुंजा, एका तोळ्यात आठ बसतील.

आता चांदी महाग होत गेली तसं सरकार पेनी हलकी करत गेलं, आणि हे आपल्यासाठी घड्याळासारखं काम करतं. १३५१ला तिसऱ्या एडवर्डने पेनी १.१७ ग्रॅमवर आणली. १४१२ला चौथ्या हेन्रीने ०.९७वर. १४६४ला चौथ्या एडवर्डने ०.७८वर. याच १३५१ला चार पेनींचं मोठं नाणं, ग्रोट, नियमित निघायला लागलं आणि त्याचं वजन त्याच हिशोबात चौपट धरा, ४.६७, मग ३.८९, मग ३.११ ग्रॅम. म्हणजे एडवर्ड नावाची पेनी १.३८ भरली तर ती चौथ्या एडवर्डची असूच शकत नाही, आणि हे तुम्ही अजून एक अक्षरही न वाचता सांगितलंत.

पण उलटं मात्र धरून चालू नका. वजन कमी भरलं म्हणजे नाणं उशिराचंच असं नाही, कारण कातरलेलं असू शकतं. लोक कात्रीने कडेची चांदी कापून घ्यायचे आणि नाणं पूर्ण किमतीला पुढे सरकवायचे. यावरून भयंकर गोष्टी घडल्या आहेत. १२७८ला नाणी कातरल्याच्या आरोपावरून इंग्लंडभरातल्या ज्यू लोकांना पकडलं आणि शेकडो जणांना फाशी दिलं, पुढे १२९०ला सगळ्या ज्यूंना देशातूनच हाकललं. कातरलेली पेनी हातात येते तेव्हा मला हे आठवल्याशिवाय राहत नाही. तर, वजन कमी असेल तर कडेकडे बघा. बाहेरचा मण्यांचा गोल पूर्ण आहे का, अक्षरांची डोकी कापली गेलीयत का. वजन कमी आणि मण्यांचा गोल पूर्ण शाबूत असेल तर उशिराचं नाणं किंवा झीज किंवा नकली, या तिन्हीचा विचार करा.

पायरी दुसरी: नाणं उलटा आणि क्रॉस बघा

राजाचा चेहरा तुमच्याकडे बघत असतो, पण त्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही, तो कोणाचाही खरा चेहरा नाही, नुसती खूण आहे. क्रॉसची बाजू बोलते. तीन प्रकार पाठ करा.

क्रॉस छोटा, आतल्या गोलातच संपतो, त्याच्या दांड्या दुहेरी रेघेच्या, आणि प्रत्येक कोपऱ्यात चार ठिपक्यांचा अजून एक चिमुकला क्रॉस: हा शॉर्ट क्रॉस, ११८० ते १२४७.

क्रॉस दुहेरी रेघेचाच पण थेट नाण्याच्या कडेपर्यंत गेलेला, कोपऱ्यात तीन-तीन ठिपके: हा लाँग क्रॉस, १२४७ ते १२७९. कडेपर्यंत नेण्याचं कारण कातरणंच, क्रॉसची चारही टोकं दिसत नसतील तर ते नाणं चालणार नाही असा नियम केला.

क्रॉस कडेपर्यंत पण एकेरी, भरीव रेघेचा, तीन-तीन ठिपके तसेच: हे १२७९च्या पहिल्या एडवर्डच्या नव्या नाण्यांपासून पुढे, थेट सातव्या हेन्रीपर्यंत चाललेलं डिझाइन. दोनशे वर्षं बदललं नाही.

अर्धी किंवा पाव कापलेली पेनी दिसली तर घाबरू नका, ती मोडतोड नाही, ती त्या काळची चिल्लर आहे. १२७९-८०ला गोल हाफपेनी आणि फार्दिंग नियमित मिळायला लागले, त्याआधी क्रॉसच्या रेघेवरून पेनी कापून अर्धी-पाव करायचे. नवख्यांनी असे तुकडे जरूर घ्यावेत, स्वस्त असतात आणि अक्षरं वाचायचा सराव त्यावर छान होतो.

पायरी तिसरी: गाव वाचा

१२७९च्या आधीच्या नाण्यांवर मागच्या बाजूला मनीअरचं नाव, मग "ऑन", मग गाव असतं. मनीअर म्हणजे टाकसाळ चालवणारा जबाबदार माणूस, नाणं हलकं निघालं तर कोणाला धरायचं ते नाण्यावरच लिहिलेलं. आणि धरायचे. पहिल्या हेन्रीच्या काळात, ११२४-२५च्या ख्रिसमसला मनीअरांना विंचेस्टरला बोलावून त्यांचे उजवे हात तोडले होते.

लाँग क्रॉस वाचताना सगळ्यात मोठी अडचण ही की क्रॉसच्या चार दांड्या मजकुराचे चार तुकडे करतात आणि तुकडा शब्द बघून पडत नाही. उदाहरण घ्या. तुम्हाला दिसेल एच-ई-एन, मग दांडी, मग आर-आय-ओ, दांडी, एन-एल-व्ही, दांडी, एन-डी-ई. काही अर्थ लागत नाही. दांड्या विसरून सलग वाचा: हेन्री ऑन लुंडे. म्हणजे लंडनचा हेन्री नावाचा मनीअर. इथे व्ही म्हणजे यू, हे सगळीकडे. मी कागदावर चार खाने काढतो, जेवढी अक्षरं पक्की दिसतात तेवढी भरतो, बाकी जागी टिंबं, आणि मग "ऑन" कुठे बसतोय ते शोधतो. "ऑन" सापडला की नाणं उघडलं समजा.

गावांची नावं छोटी करून लिहिलेली असतात: लुंड म्हणजे लंडन, कांट म्हणजे कँटरबरी, एव्हर म्हणजे यॉर्क, विन म्हणजे विंचेस्टर, नोर म्हणजे नॉरिच किंवा नॉर्थॅम्प्टन (इथे मनीअरच्या नावावरून ठरवावं लागतं). एक खड्डा मुद्दाम सांगतो. शॉर्ट क्रॉसवर लिंकन गावाचं नाव "निको" किंवा "निकोल" असं येतं, नॉर्मन लोक त्याला तसं म्हणायचे, आणि लाँग क्रॉसवर "निकोल" नावाचा मनीअरही आहे, लंडनलाही आणि कँटरबरीलाही. तेव्हा "निकोल" दिसलं की "ऑन"च्या आधी आहे की नंतर ते बघा. आधी असेल तर माणूस, नंतर असेल तर गाव.

१२७९नंतर सोपं झालं, मनीअरची नावं गेली आणि फक्त गाव राहिलं (फक्त बरी सेंट एडमंड्सला रॉबर्ट डी हॅडली या मनीअरचं नाव काही काळ टिकलं, त्यानंतर कोणाचंच नाही). मोठ्या शहरांना "सिव्हिटास" आणि बाकीच्यांना "व्हिला". सिव्हिटास लंडन आणि सिव्हिटास कँटोर हे दोन तुम्हाला सगळ्यात जास्त भेटतील. एबोरासी म्हणजे यॉर्क, नोव्हिकास्त्री म्हणजे न्यूकॅसल, ब्रिस्टोली ब्रिस्टल, एक्सोनी एक्सेटर, सेस्त्री चेस्टर, डुरेमे डरॅम. पंधराव्या शतकात "व्हिला कालिसी" भेटेल, ते फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं कॅले, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात, आणि इंग्लिश लोकर तिथूनच विकली जायची म्हणून तिथे चांदी ओतू जात होती. सहाव्या हेन्रीची कॅलेची ग्रोट, राजाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना छोटी कडी असलेली, मोठं नाणं पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी याहून चांगली निवड नाही, भरपूर मिळते आणि छाप बहुधा स्वच्छ असते.

पायरी चौथी: अक्षरांची वळणं आणि छोट्या खुणा

इथे वेळ द्या. अक्षरं आजच्या रोमनसारखी नाहीत. ई गोल असते आणि बंद झाली की सी वाटते. एन कधी गोल वळणाचा, कधी सरळ रोमन, कधी चक्क उलटा. एम दोन बंद गोलांसारखा. एच छोट्या लिपीतल्यासारखा. ए मधली आडवी रेघ नसलेला. एकदा पूर्ण एक नाणं स्वतःच्या हाताने मोठं करून वहीत काढा, पेन्सिलने, जसं दिसतंय तसं. एका नाण्याचं चित्र काढल्याने जे डोळ्यात बसतं ते शंभर फोटो बघून बसत नाही.

राजाच्या छातीवरसुद्धा बघा. पहिल्या एडवर्डच्या पेनींचे अभ्यासकांनी १ ते १० वर्ग पाडलेत (दुसऱ्या एडवर्डचे पुढे ११ ते १५), आणि काही वर्गांत छातीवर खूण असते. तीन ठिपके असतील तर चौथ्या वर्गाचा शेवटचा उपप्रकार, एक ठिपका आणि नाणं जरा पसरट असेल तर पाचवा, गुलाब असेल तर सातवा, तारा असेल तर नववा. सगळ्यांवर नसतात, पण असली की अर्धं काम झालं.

पुढच्या बाजूला घड्याळात १२ वाजतात त्या जागी मजकूर सुरू होतो आणि तिथे एक क्रॉस किंवा दुसरी खूण असते. डरॅमला टाकसाळ बिशपची होती आणि बिशप आपली खूण टाकायचे. अँटनी बेक या बिशपची खूण म्हणजे टोकं दुभंगून वळलेला क्रॉस, तो याच जागी. त्याच्यानंतरच्या केलॉने मागच्या बाजूच्या क्रॉसचं एक टोक बिशपच्या काठीसारखं वळवलं. त्याच्यानंतर ब्यूमाँट आला, त्याची खूण सिंह आणि लिलीची फुलं. यॉर्कला आर्चबिशपच्या टाकसाळीची पेनी असेल तर मागच्या क्रॉसच्या बरोबर मध्यभागी चार पाकळ्यांचं फूल असतं. कोकणातल्या माणसाला घराच्या कौलावरचा छाप बघून कारखाना कळतो तसंच आहे हे.

पायरी पाचवी: आता नाव

१२७९नंतरच्या नाण्यावर बहुतेक "एडव आर अँगल डीएनएस हिब" असा मजकूर असतो, म्हणजे एडवर्ड, इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा स्वामी, सगळं छाटून लिहिलेलं. नाव किती लांब लिहिलंय ते मोजा. ई-डी-डब्ल्यू एवढंच असेल तर जवळजवळ नक्की पहिला एडवर्ड. ई-डी-डब्ल्यू-ए असेल तर पहिल्याची शेवटची वर्षं किंवा दुसरा. "एडवर्ड" पूर्ण असेल तर पहिल्याचा दहावा वर्ग नाहीतर तिसरा एडवर्ड. वजन आधी केलंय म्हणून इथे गोंधळ होत नाही, नुसतं नावावर गेलो असतो तर तिघांत अडकलो असतो. ग्रोटवर फ्रान्सचा राजा असंही लिहिलेलं असतं, तिसऱ्या एडवर्डने तो दावा १३४०ला केला, १३६०च्या ब्रेतिन्यीच्या तहात सोडला, १३६९ला परत घेतला, आणि नाण्यावर तो शब्द त्याप्रमाणे येतो, जातो, परत येतो. तहाच्या काळातल्या नाण्यावर फ्रान्सऐवजी अॅक्विटेन दिसतं.

हेन्रीच्या बाबतीत: लाँग क्रॉसवर "तेर्सी" किंवा तीन उभ्या रेघा दिसल्या की तिसरा हेन्री, तिथे त्याने स्वतःच आकडा टाकलाय. राजाच्या हातात राजदंड नसेल तर आधीचे वर्ग, असेल तर नंतरचे. शॉर्ट क्रॉसवर मात्र चेहऱ्याची ठेवण आणि मनीअरचं नाव यावरूनच ठरवायचं. १२०५ला जॉनने जुनी नाणी बदलून घेतली तेव्हापासून चेहरा गोल, नीटनेटका होतो, त्याआधी शेवटी शेवटी अगदी बिघडला होता. मनीअर कोण, कुठल्या वर्षांत, हे शोधायला ब्रिटनच्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा फुकट डेटाबेस वापरा, शेतांत सापडलेली हजारो नाणी तिथे फोटो, वजन आणि वर्गासकट आहेत. मी तर रोज रात्री झोपायच्या आधी पाच नाणी उत्तर झाकून ओळखायचो, सहा महिने, तेवढ्यात डोळा तयार झाला.

एक पेनी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आत्ता माझ्यासमोर एक आहे. वजन १.३६. व्यास साडेअठरा मिलिमीटर. मण्यांचा गोल डावीकडे थोडा कातरलाय, म्हणजे मूळ १.४४च्या जवळ, १३५१च्या आधीची. उलटली, क्रॉस एकेरी आणि कडेपर्यंत, म्हणजे १२७९नंतरची. मजकूर सी-आय-व्ही-आय, टी-ए-एस, डी-व्ही-आर, आणि शेवटच्या खान्यात छाप कमजोर, फक्त एक उभी दांडी आणि एक गोल. डी-व्ही-आरवरून डरॅम. परत सरळ केली. १२च्या जागी क्रॉस, दिवा कडेला आणला, टोकं दुभंगलेली दिसली: बिशप बेक. बेक १३११ला वारला, म्हणजे त्याआधीची. नाव ई-डी-डब्ल्यू-ए. म्हणजे १३०१ ते १३१० चाललेला दहावा वर्ग असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. अकरावा असता तर? तिथे मुकुटाच्या डाव्या बाजूचा, फुलांच्या मधला भाल्याच्या टोकासारखा दागिना मोडका दिसतो, कारण तो पंच तुटला होता. माझ्या पेनीवर तो अख्खा आहे. तर दहावा वर्ग.

आणि राजा? पहिला एडवर्ड जुलै १३०७ला गेला आणि टाकसाळीने ठशांत काही मोठा बदल केला नाही, काम तसंच चालू राहिलं. ही पेनी बापाची की मुलाची हे दहाव्या वर्गाच्या बारीक उपप्रकारापर्यंत गेल्याशिवाय सांगता येत नाही आणि माझ्या नाण्यावर मुकुटाचा तेवढा भाग झिजलाय. म्हणून माझ्या पाकिटावर "एडवर्ड पहिला किंवा दुसरा" असंच लिहिलंय. विकणाऱ्याने छातीठोकपणे पहिला लिहिलं होतं.

नकली आणि त्यांचे चुलतभाऊ

सगळंच नकली सारखं नसतं. त्या काळातलीच नकली नाणी असतात, आत तांबं आणि वर चांदीचा पापुद्रा, झिजलेल्या जागी हिरवट दिसतं, ती स्वतः इतिहास आहेत आणि त्या नावाने विकली तर घ्यायला हरकत नाही. तसंच युरोपात इंग्लिश पेनीसारखीच पेनी पाडून खपवायचे, लक्झेंबर्गच्या जॉन द ब्लाइंडच्या पेनीवर एडवर्डच्या नावासारखं दिसेल असं नाव आहे, नीट वाचलं की उलगडतं. असली नाणी जमवणारे वेगळे लोक आहेत. स्कॉटलंडच्या तिसऱ्या अलेक्झांडरच्या पेनीवर राजा बाजूने दिसतो आणि मागे ठिपक्यांऐवजी तारे असतात, ती तर खरीच.

आजच्या काळातली नकली मात्र सांभाळा. ओतीव असेल तर कडेला शिवण किंवा घासल्याची खूण, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. हातोड्याच्या नाण्यावर अक्षराच्या बाजूला चांदी वाहून गेल्याच्या बारीक रेषा असतात, त्या शोधा. वजन चुकीचं असेल तर सोडून द्या. आणि दोन वेगळ्या लोकांकडे एकाच जागी एकाच आकाराची चीर असलेलं नाणं दिसलं तर दोन्ही सोडा. हातोडा दोन वेळा तसाच पडत नाही.

घ्यायचं कुठून आणि कितीला

मी गेल्या काही वर्षांत बघतोय त्याप्रमाणे लंडन किंवा कँटरबरीची वाचता येणारी एडवर्ड पेनी साधारण तीस ते साठ पौंडांत, कापलेले अर्धे तुकडे दहा-वीस पौंडांत, बरी ग्रोट शंभराच्या पुढे. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटाला जोर येतो, तेव्हा आकडा आधी कागदावर लिहा आणि त्याच्या पुढे जाऊ नका. पहिली पाच-सहा नाणी तरी दुकानात किंवा फेअरमध्ये हातात घेऊन, वजन करून घ्या. चांगला विक्रेता काटा काढायला नाही म्हणत नाही. पूर्ण गोल पण अर्धी अक्षरं कोरी, आणि थोडं कातरलेलं पण सगळं वाचता येणारं, या दोनात मी नेहमी दुसरं घेतो.

इंग्लंडात राहणाऱ्यांनी कायदा माहीत करून घ्यावा. १९९६च्या ट्रेझर अॅक्टप्रमाणे एकाच जागी तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा जास्त सोन्याचांदीची नाणी सापडली तर कळवणं बंधनकारक आहे, आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय डिटेक्टर लावायचा नाही. म्हणून नाणं कुठून आलं हे विचारा. भारतात मागवणार असाल तर विक्रेत्याला तिकडच्या निर्यात परवान्याबद्दल आधी विचारा, आणि हे लक्षात घ्या की भारतात शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, एकदा आत आलेलं नाणं आवडलं नाही म्हणून परत पाठवणं सोपं नाही. त्यामुळे मोठे फोटो, वजन, सगळं आधीच मागून घ्या.

साफ करू नका, सरळ करू नका

आपल्या घरात चांदीची भांडी रांगोळीने नाहीतर दंतमंजनाने घासायची पद्धत आहे. पेनीला त्यातलं काही लावू नका. तो काळपट थर तयार व्हायला शतकं लागलीत, अक्षरं त्यामुळेच उठून दिसतात, आणि घासलेलं नाणं कोणी अर्ध्या किमतीलाही घेत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा, मग मऊ कापडावर ठेवून वाळू द्या, पुसू नका.

आणि वाकलेलं नाणं सरळ करू नका. मी केलं होतं. दुसऱ्याच वर्षी एक शॉर्ट क्रॉस पेनी मिळाली होती, मधोमध दुमडलेली, मला वाटलं नांगराने वाकली असेल, दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून हळूच दाबली आणि टक् असा आवाज होऊन दोन तुकडे झाले. नंतर कळलं की त्या काळात लोक आजारपणात, संकटात संताचं नाव घेऊन पेनी वाकवायचे, ही आता त्या संताची, बरं वाटलं की त्याच्या थडग्यापाशी नेऊन वाहायची. नवसच तो. कोणीतरी आठशे वर्षांपूर्वी बोललेला नवस माझ्या हातून मोडला असू शकतो, हे अजून मनातून जात नाही. ते दोन तुकडे मी विकले नाहीत, एकाच पाकिटात ठेवलेत.

ठेवताना मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत, त्यातला पीव्हीसी वर्षभरात हिरवा चिकट थर देतो. आम्लमुक्त कागदाची छोटी पाकिटं घ्या. ओक लाकडाचा खण नको, त्याची वाफ धातूला लागते, महोगनी चालतं. रबरबँड जवळपास नको, त्यातलं गंधक चांदी काळी करतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ती जूनपासून दर पंधरा दिवसांनी गरम करून परत टाका. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने वजन, व्यास, गाव, मनीअर, वर्ग, कोणाकडून, कधी, कितीला घेतलं ते लिहा. विक्रेत्याची जुनी चिठ्ठी असेल तर फेकू नका, त्याच पाकिटात घाला, आधीच्या मालकाचं अक्षर असेल तर दुप्पट जपा. राजाचं नाव शेवटच्या ओळीत, आणि खात्री नसेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह.